रेकॉर्डिंगवाल्या बाई

कुठल्याही खोलीत शिरल्या की बाई आधी एक टाळी वाजवायच्या. एकच. मग मान किंचित तिरकी करून ती विरेपर्यंत ऐकायच्या आणि निकाल द्यायच्या. "मुकी आहे," नाहीतर "बडबडी आहे." मुकी म्हणजे पडदे-गाद्यांनी भरलेली, टाळी गिळून टाकणारी खोली. बडबडी म्हणजे तीच टाळी भिंतींवर आपटून परत आणून देणारी. स्टुडिओत हे ठीक होतं. पण बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे, भाचीसाठी स्थळ बघायला गेलेल्या घरातसुद्धा त्यांचा हात राहायचा नाही.

आमच्या स्टुडिओतले एक जुने डबिंग आर्टिस्ट गेले तेव्हा आम्ही सगळे घाटकोपरला त्यांच्या घरी भेटायला गेलो. हॉलमधलं सामान हलवलेलं, खाली सतरंजी, भिंतीशी नातेवाईक गप्प बसलेले. बाई दारात थांबल्या आणि त्यांनी टाळी वाजवली. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मी आपला स्वतःच्या पायांकडे बघत राहिलो. तेवढ्यात गेलेल्यांची बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, "या बाई. हे नेहमी सांगायचे तुमच्या टाळीचं. काय म्हणते खोली?"

"बडबडी झाली हो," बाई म्हणाल्या. "सामान काढलंत ना." मग दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. धंदा त्यांच्या अंगात इतका मुरलेला असतो की रीतभात म्हणून वेगळी ठेवायला जागाच उरत नाही.

बाई अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या डबिंग स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होत्या आणि मी तिथे संवाद लिहायचो. परभाषेतल्या मालिका आणि कार्टून मराठीत आणायची, म्हणजे परक्या ओठांच्या मापाची मराठी वाक्यं शिवायची, हे माझं काम. ती वाक्यं बोलणाऱ्यांकडून बोलून घ्यायची आणि स्वच्छ टिपायची, हे त्यांचं. साठीला टेकलेल्या, अंगाने बारीक, मुलुंडला राहणाऱ्या. नेसायच्या फक्त सुती, तेही धुऊन मऊ झालेलं, कारण नवी साडी सळसळते. हातात बांगडी नाही, पायात कापडी बूट. आमच्याकडे असं म्हणायचे की बाई आल्या हे कळायचं असेल तर बघावं लागतं, ऐकून कळत नाही.

दुसऱ्यांनी मात्र श्वास घेतलेलाही त्यांना ऐकू यायचा. एकदा एक नावाजलेला नट प्रेमाचा संवाद बोलत होता. बाईंनी मध्येच थांबवलं आणि काचेपलीकडून बटण दाबून म्हणाल्या, "तुमचं पोट गुरगुरतंय. खाली वडापाव खाऊन या, मग प्रेम करू." तो बिचारा गेला, खाऊन आला, आणि खरंच पहिल्याच फटक्यात छान बोलला. टेक उत्तम झाला तरी बाई मशीन बंद करायच्या नाहीत. एक बोट वर करून म्हणायच्या, "सेफ्टीला अजून एक."

हे "सेफ्टीला अजून एक" त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं की चहावाल्यालाही त्या तेच सांगायच्या. बोरिवलीच्या एका प्राध्यापकांना पावसाळी बेडकांचे आवाज टिपून हवे होते, अभ्यासासाठी. बाई हौसेने गेल्या, मलाही छत्री धरायला नेलं. डबक्याच्या काठाला तासभर बसल्यावर एक बेडूक एकदाचा ओरडला. बाईंनी समाधानाने मान हलवली आणि बोट वर केलं, "सेफ्टीला अजून एक." प्राध्यापक हसू आवरायला दुसरीकडे बघायला लागले. बेडकाने मात्र दिला हो अजून एक.

स्वतःचा आवाज रेकॉर्डवर येणं हा त्यांना अपमान वाटायचा. टेकच्या आधीमागे त्यांचं एखादं वाक्य चुकून टिपलं गेलं तर पहिली कात्री त्यावर. आम्ही चिडवायचो, "बाई, जगाचे आवाज ठेवता आणि स्वतःचा पुसता?" त्या म्हणायच्या, "टिपणारा ऐकू आला की काम बिघडलं समजायचं."

आता बुवांकडे येतो, कारण बाई मला खऱ्या कळल्या त्या बुवांमुळे.

मी राहायला भांडुपला. तिथे आमचं भजनी मंडळ आहे. सगळी कोकणातली घरं, आमचे बाप-आजे गिरण्यांत होते आणि आम्ही आता मिळेल तिथे आहोत. मंडळात मी झांज वाजवतो. आमचे बुवा म्हणजे डबलबारीतलं मोठं नाव. डबलबारी ज्यांनी पाहिली नसेल त्यांना एवढंच सांगतो. दोन बुवा आपापली मंडळं घेऊन समोरासमोर बसतात. देवाचं गाता गाता एकाने टोमणा मारायचा आणि दुसऱ्याने तो गाण्यातूनच परतवायचा. नाव देवाचं असतं, पण रंग सगळा कुस्तीचा. आमचे बुवा चिमटा बसला की असे काही उसळायचे की मांडवाचे खांब धरून बसावं लागे.

त्या बुवांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस राहील पण आवाज राहणार नाही. ऑपरेशनची तारीखही दिली. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत बुवांचा धड असा एकही रेकॉर्ड कोणाकडे नाही. मोबाइलवरच्या क्लिपा ढिगाने होत्या, पण त्यांत पुढे ऐकू यायची माझी झांज, मागे पखवाज, आणि त्याच्याही मागे कुठेतरी बुवा. गर्दीत हरवलेल्या पोरागत.

मी बाईंना सांगितलं. त्या वायर गुंडाळत होत्या. वायर गुंडाळून झाल्याशिवाय त्यांनी वर बघितलं नाही. मग एवढंच म्हणाल्या, "आवाज आत्ता कसा आहे?"

"घोगरा झालाय. वर गेला की तुटतो."

"तुटू दे. मला गुळगुळीत नकोच आहे. डॉक्टरांना विचार, गायलेलं चालेल का."

डॉक्टर म्हणाले, गाऊ द्या. आता गाण्याने बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही.

आधी बाईंनी बुवांच्या घरी जाऊन त्यांचं साधं बोलणं टिपलं. पुढे मोबाइलचं बटण दाबलं की बुवांच्याच आवाजात वाक्य निघावं, अशी त्यांची योजना. म्हणाल्या, "रोज लागतात ती वाक्यं बोला." आम्हाला वाटलं, पाणी द्या, बरं वाटत नाही, असं काही बोलतील. बुवांनी घसा खाकरला आणि सुरू केलं, "चाय कडक कर गो!" "खंय गेल्लंस मगाधरना?" "पंखो बंद करा, लाइट काय फुकट येता?" बुवांच्या बायको, आमच्या वहिनी, ओट्यापाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "देवान तोंड बंद करूक घेतल्यान, तर हेनी मोबाइलातसून सुरू केल्यानी!" बुवा खूश झाले. बाईंनी बोट वर केलं आणि प्रत्येक ओरडा सेफ्टीला अजून एकदा घेतला.

गाण्यासाठी मात्र आम्ही मंडळ घेऊन अंधेरीच्या स्टुडिओत गेलो, आणि तिथे आमची पार वाट लागली.

चूक आमचीच होती, आणि ती आमच्यासारख्या प्रेमळ माणसांनीच करावी. आम्ही सगळे बुवांना जपायला लागलो. पखवाजवाला बोटांच्या टोकांनी वाजवत होता. मी झांज अशी वाजवत होतो जशी काही शेजारच्या खोलीत कोणी नुकतंच झोपलंय. मागच्या ओळीतला एकजण तर डोळ्यांना रुमाल लावूनच साथ करत होता. बुवांचा आवाज लागला होता, सूर होता, शब्द होते. पण शाळेत प्रार्थना म्हणावी तसं ते गात होते, सरळ आणि सभ्य. बुवा आणि सभ्य! त्यांनाही कळत होतं. दुसऱ्या कडव्यानंतर त्यांनी पेटीवरून हात काढला आणि काचेकडे बघून मान हलवली.

काचेमागून बाईंचा आवाज आला, "हे कोणाचं तेरावं चाललंय?"

बाई आतच आल्या. "मी विचारतेय, तुम्ही सगळे ह्यांना साथ करायला आलाय की पोचवायला?" मग माझ्याकडे वळल्या. "काय रे, हे बारीत कसे गातात? असे?"

"नाही बाई. बारीत समोरचा बुवा असतो ना. तो डिवचतो, मग हे पेटतात."

"मग समोरचा कुठाय?"

खरं सांगतो, जन्म डबलबारीत गेला, पण आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. कुस्ती बघायची म्हणून आम्ही अर्धाच आखाडा घेऊन आलो होतो.

समोरचा म्हणजे मालाडचे बुवा. गेली पंचवीसेक वर्षं दोघे एकमेकांच्या समोर बसत आले. एका बारीत शब्द जरा जास्त गेला आणि तेव्हापासून मांडवाबाहेर दोघांचं बोलणं बंद. आमचे बुवा म्हणाले, "तो? तो खंयचो येता!" मंडळातल्या मोठ्यांनाही ते कमीपणाचं वाटलं. आपल्या बुवांच्या अशा वेळी त्याच्या दारात जायचं?

"तुम्ही नका जाऊ," बाई म्हणाल्या. "मी जाते. माझं कुठे भांडण आहे?"

मला वाट दाखवायला जावंच लागलं. मालाडच्या बुवांची पिठाची गिरणी आहे. चक्की घरघरत होती, भुवयांपर्यंत पीठ उडालेले बुवा गिऱ्हाइकावर ओरडत होते. बाईंनी आत शिरून टाळी वाजवली, ती त्यांना स्वतःलाही ऐकू आली नसेल. मग त्यांनी सरळ चक्की बंद करायला लावली आणि सगळं सांगितलं. मालाडचे बुवा पिठाच्या डब्यावर बसले. गाठीचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. बराच वेळ गमछ्याने तोंड पुसत राहिले.

"मी येतंय," ते म्हणाले. "पण आजारी माणसाक टोमणे मारू? माका पाप लागात, बाई."

"टोमणा मारला नाहीत तर ते गाणार नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि न गाता गेला तो आवाज, तर ते पाप कोणाच्या खात्यावर लिहू, सांगा."

असं बोलणं त्यांनाच जमे. माणसाच्या मनाला जिथे धक्का लागतो, तिथे त्या बोट ठेवायच्या आणि पुन्हा वर चहा मागवायच्या.

रविवार दुपार ठरली. जागा आमच्या चाळीतला हॉल. बाईंनी टाळी वाजवली. "बडबडी आहे. असू दे, तुम्हीपण बडबडेच आहात." मग त्या घरोघर फिरल्या. पंखे बंद, फ्रिज बंद, मिक्सर बंद. कुकर कोणीही लावायचा नाही, शिट्टी होते. रविवारची दुपार, घराघरात मासे आणलेले, आणि भांडुपची एक अख्खी चाळ भाताला आधण न ठेवता हॉलच्या दारात येऊन बसली. हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितो.

मालाडचे बुवा आपलं मंडळ घेऊन आले. दोन्ही बुवांनी एकमेकांकडे बघून नुसती मान हलवली. मध्ये उंच स्टँडवर दोन माइक, बुवांच्या पेटीपाशी एक छोटा. कोपऱ्यात टेबलापाशी कानांना हेडफोन लावून बाई. त्यांनी बोट वर केलं आणि बारी सुरू झाली.

आमच्या बुवांनी गजर धरला. बरा चालला होता. पण नुसताच बरा. मालाडच्या बुवांची पाळी आली. त्यांनी पेटीचा भाता ओढला, सूर धरला, आणि थांबले. मला वाटलं संपलं, हा माणूस आता रडणार. बाईंनी कोपऱ्यातून त्यांच्याकडे नुसतं रोखून बघितलं. मग त्यांनी मान वर केली आणि हाळी दिली,

"काय रे बुवा! गेल्या वर्षी तूच म्हटलंस मा, देव माझ्या गळ्यात बसलोहा म्हणान? मगे आता डाक्तर तुझ्या त्या देवाक भाडेकरूसारखो भायर काढतत! तेचा उत्तर दी!"

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर बाईंनी टेक कापला असता. इतकं क्रूर आम्ही कोणी कधी ऐकलं नव्हतं. वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

आणि आमचे बुवा हसले. गाठ निघाल्यापासून पहिल्यांदा. त्यांचे खांदे मागे गेले, बोटं पेटीवर आपटली, पखवाजवाल्याला त्यांनी अशी काही नजर दिली की त्याचा हात आपोआप उघडला. मी झांज जोरात मारली. आणि बुवांनी त्या फाटक्या, घोगऱ्या आवाजात, जिथे आवाज पोचत नव्हता तिथे नुसत्या हट्टाने पोचत, जागच्या जागी ओळ बांधून फेकली,

"भाडेकरू न्हय रे, मालक आसा तो! घर मोडला तरी, मालक आसा तो!"

हॉल उठला. म्हातारे उठले, बायका उठल्या, मालाडच्या मंडळाने स्वतःच्या बुवांना सोडून आमच्या बुवांची साथ धरली. बुवांनी ती ओळ वर नेली. आवाज तुटला. त्यांनी पुन्हा नेली. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा ते उचलणार की सोडणार, असा एक क्षण आला. गाणाऱ्यांना तो क्षण माहीत असतो. आणि तेव्हा कोपऱ्यातून एक किंचाळी आली,

"सोडू नका, बुवा!"

बाई उभ्या होत्या. हेडफोन गळ्यात, दोन्ही मुठी वर. आयुष्यभर दुसऱ्याच्या पोटाची गुरगुर पकडणारी बाई, स्वतःच्या चालू माइकसमोर ओरडली होती.

बुवांनी सोडलं नाही. तिसऱ्या वेळी आवाज तुटला नाही. वर गेला आणि तिथेच उभा राहिला.

गजर संपला तेव्हा मालाडचे बुवा उठून आले आणि त्यांनी आमच्या बुवांना कवेत घेतलं. बोलणं इतक्या वर्षांनी सुरू झालं ते शिवीनेच, ती इथे लिहीत नाही. आम्ही बाईंच्या बोटाकडे बघत होतो, की आता सेफ्टीला अजून एक मागणार. बाई म्हणाल्या, "नको. झालं." आणि खुर्चीत बसून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आम्ही सगळे घरी गेलो आणि चाळीतले सगळे कुकर एकदम वाजले.

नंतर स्टुडिओत मी म्हटलं, "बाई, मध्ये तुमचा आवाज आलाय. काढायचा ना?"

त्यांनी तो तुकडा ऐकला. परत ऐकला. "काढला तर पुढचा सूर कशामुळे लागला ते कळायचं नाही," त्या म्हणाल्या. "राहू दे." आणि लाजल्या. इतक्या वर्षांत त्यांना लाजताना मी तेव्हाच पाहिलं.

बुवांचं ऑपरेशन झालं. ते आज ठणठणीत आहेत. गळ्याला मफलर, हातात पेटी, खिशात मोबाइल, आणि चहा पातळ झाला की बटण दाबून वहिनींवर ओरडतात.

बाई मात्र गेल्या. तीन-चार वर्षांनी, थोड्याशा दुखण्याने. मी मुलुंडला त्यांच्या घरी गेलो. त्यांची लेक फोन हातात घेऊन बसली होती. म्हणाली, "काका, आईचे व्हिडिओ आहेत माझ्याकडे, पण सगळ्यांत ती एकच वाक्य बोलते. 'बंद कर ते.' दुसरं काहीच नाही." मी तिला आमच्या वार्षिक बारीला यायला सांगितलं, एवढंच.

ती आली. मांडव भरलेला होता. आता आमची बारी अशी होते: समोर मालाडचे बुवा स्वतः गातात, आणि इकडून आमच्या बुवांचा तो रेकॉर्ड लागतो. बुवा त्यावर पेटी वाजवतात, स्वतःच्याच आवाजाला साथ करतात. मालाडच्या बुवांनी तोच टोमणा मारला, दरवर्षी मारतात, लोक त्याची वाट बघत असतात. स्पीकरमधून उत्तर आलं. ओळ वर गेली, तुटली. पुन्हा गेली, तुटली. मांडव उठून उभा राहिला, कारण पुढे काय येतं ते भांडुपमधल्या पोराटोरांनाही पाठ आहे. मी लेकीकडे बघितलं. तिला माहीत नव्हतं.

"सोडू नका, बुवा!"

स्पीकरमधून एकट्या बाई ओरडल्या आणि त्यांच्याबरोबर अख्खा मांडव. लेक दचकून उभी राहिली. तिने आवाज ओळखला होता. तिचेही हात आपोआप वर गेले, मुठी वळलेल्या. बुवा पेटीवर वाकले होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, तोंड उघडं, आणि वर स्पीकरमध्ये त्यांचा सूर लागला तो लागलाच.

बुवा काही सोडत नाहीत.